व्हर्च्युअल हॉर्न निवडताना: आधी पीस लिहा, लायब्ररी नंतर

मार्च लागला की गावोगावच्या घरगुती स्टुडिओंत भीमगीतांची घाई सुरू होते. १४ एप्रिलच्या आत गाणं बाहेर पडायला हवं आणि इंट्रोला 'दमदार ब्रास' (पितळी फुंकवाद्यांचा आवाज) हवा. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी, मग लग्नसराई. ब्रास सगळ्यांनाच लागतो आणि बहुतेकांचा तो एकाच पद्धतीने फसतो. यूट्यूबवर डेमो ऐकायचा, भारावून ३०-४० जीबीची लायब्ररी (कॉम्प्युटरवर वाद्य वाजवणारं सॉफ्टवेअर, बहुधा खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांचं, म्हणजे सॅम्पलचं) उतरवायची, मग आपला पीस (गाण्यातला वाद्यांचा तुकडा) तिच्यात कोंबायचा. पीस बसत नाही. मग दोष लॅपटॉपवर, नाही तर कीबोर्डवर.

दोष क्रमाचा असतो. बरोबर क्रम खाली टप्प्याटप्प्याने दिला आहे. टप्पे गाळू नका, विशेषतः पहिला आणि पाचवा.

## आधी शब्दाचा घोळ मिटवा

ऑर्केस्ट्राच्या लायब्ररीत नुसतं 'हॉर्न' लिहिलं असेल तर ते फ्रेंच हॉर्न: गोल गुंडाळलेल्या नळीचं, मऊ, लांबून आल्यासारखं वाजणारं वाद्य. पॉप, जॅझ आणि सिनेसंगीतात 'हॉर्न सेक्शन' म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनचा ताफा. आपल्याकडच्या मंडपवाल्याला विचाराल तर हॉर्न म्हणजे भोंगा. (त्याच्याकडे शेवटी यायचंच आहे.)

पहिल्या दोन अर्थांची गल्लत सगळ्यात महाग पडते. बँडपार्टीसारखा कडक ठोका हवा असतो आणि हाती येतो युद्धपटातला गंभीर ब्रास. शिवाय सॅक्सोफोन दिसतो पितळेचा, पण वाजतो रीडवर. त्यामुळे ऑर्केस्ट्राच्या 'ब्रास' फोल्डरमध्ये तो शोधूनही सापडत नाही आणि बहुतेक ऑर्केस्ट्रा लायब्ररींत तो नसतोच.

## टप्पा १ : पीस लिहा, मग त्याची यादी करा

कीबोर्डवरच्या साध्या ट्रम्पेट टोनवर किंवा पियानोवर पीस वाजवून मिडी (कोणता स्वर, किती जोराने, किती वेळ याची नोंद) रेकॉर्ड करा. आवाज कसाही असू द्या, आत्ता फक्त स्वर आणि लय हवी.

समजा सा = काळी २, लय ११० बीपीएम (मिनिटाला ११० मात्रा), चार बारचा (एका बारमध्ये चार मात्रा) इंट्रो. पहिल्या दोन बारमध्ये 'प प – नी(कोमल)' असे तुटक ठोके, पुढचे दोन बार तार सा लांबवायचा, आवाज हळूहळू चढवायचा आणि शेवटी सूर खाली घसरत सोडून द्यायचा. वाद्यं चार: दोन ट्रम्पेट, एक टेनर सॅक्स, एक ट्रॉम्बोन. यादी अशी होईल:

- तुटक ठोके, एकच स्वर पाठोपाठ दोनदा
- लांब सूर, हळू चढणारा
- शेवटी 'फॉल', म्हणजे खाली घसरणारा सूर
- मींड नाही
- सॅक्स हवा

ही पाच ओळींची यादी म्हणजे तुमची खरेदीची चिठ्ठी. 'लेगाटो ३२ प्रकारचे' असं कुणी जाहिरातीत ओरडत असेल तर तुमच्या चिठ्ठीत लेगाटो, म्हणजे एकमेकांना जोडून वाजणारे स्वर, आहे का, एवढंच बघा.

आता आवाका तपासा. सॉफ्टवेअरमध्ये मधल्या पांढरी १ ला कुठे सी-३ म्हणतात, कुठे सी-४, म्हणून नावापेक्षा मिडी नंबर धरा. मधली पांढरी १ म्हणजे ६०.

- ट्रम्पेट: ५२ ते ८२, पण मोकळेपणाने ५५ ते ७७
- ट्रॉम्बोन: ४० ते ७०
- अल्टो सॅक्स: ४९ ते ८०
- टेनर सॅक्स: ४४ ते ७५

आपल्या उदाहरणात तार सा ७५ वर येतो. पहिल्या ट्रम्पेटला ७५, दुसऱ्याला प (७०), टेनरला ग (६७), ट्रॉम्बोनला मधला सा (६३). चौघंही आपापल्या आवाक्यात आहेत. हाच पीस काळी ५ मध्ये नेला आणि तार सा ८२ वर गेला, तर ट्रम्पेट थेट टोकावर पोचतो. सॅम्पल वाजेल, पण ते ताणलेलं आणि चिरकं लागेल, कारण तिथे खरा वादकही ताणूनच वाजवतो.

तपासा: श्वास. ११० बीपीएमला दोन बार म्हणजे साधारण ४.४ सेकंद, एका दमात जमतं. चार बार म्हणजे ८.७ सेकंद. मोठ्या आवाजातल्या ट्रम्पेटला ते जड जातं आणि ऐकणाऱ्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी खोटं आहे हे जाणवतं. मध्ये श्वास सोडा.

## टप्पा २ : मशीन, जागा आणि लाईन

रॅम. ८ जीबी रॅममधली निम्म्याच्या आसपास विंडोज, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आणि उघडा राहिलेला ब्राउझर मिळून खातात. उरलेल्यात दोन-तीन सॅम्पल वाद्यं आरामात, चौथ्यापासून अडखळ. १६ जीबी असेल तर चार वाद्यांच्या सेक्शनला सहसा अडचण येत नाही.

डिस्क. सॅम्पल लायब्ररी स्वराची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवते आणि बाकीचा भाग वाजताना डिस्कवरून ओढते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर इथेच टकटक सुरू होते. लायब्ररी एसएसडीवरच ठेवा, बाहेरची यूएसबी एसएसडीही चालते. गाण्याचे प्रोजेक्ट हार्ड डिस्कवर राहिले तरी हरकत नाही.

डाउनलोड. रोज २ जीबीच्या पॅकवर ३६ जीबीला १८ दिवस लागतात, तेही घरातल्या कुणी मोबाईलला हात लावला नाही तर. तालुक्याला कुणाकडे फायबर असेल तर लॅपटॉप आणि एसएसडी घेऊन तिकडे जा. फाइल दाबलेल्या रूपात येत असेल तर उघडताना जवळपास दुप्पट जागा लागते. ३६ जीबीसाठी ७२ जीबी मोकळी ठेवा.

लाईन. लाईन गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि विंडोज गुपचूप प्रोसेसरचा वेग कमी करतो. तेवढ्यात कडकड आवाज येऊ लागला की लोक लायब्ररीला शिव्या घालतात. पॉवर सेटिंगमध्ये बॅटरीवरही पूर्ण वेग ठेवा आणि दर पाच मिनिटांना आपोआप सेव्ह होईल असं करा. मे महिन्यात हीच गत उन्हाने होते: तापलेला प्रोसेसर स्वतःच मंदावतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा लागू द्या.

बफर. कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा गठ्ठा तयार करतो तो बफर; तो मोठा असेल तर आवाज उशिरा येतो. वाजवताना १२८ सॅम्पल (इथे सॅम्पल म्हणजे डिजिटल आवाजाचा एक ठिपका), म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे ३ मिलिसेकंद. मिक्सला १०२४, म्हणजे सुमारे २३. यासाठी ऑडिओ इंटरफेसचा (आवाज आत-बाहेर नेणाऱ्या डब्याचा) स्वतःचा ॲसिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरा. इंटरफेस नसेल तर ॲसिओ-फोर-ऑलवर तात्पुरतं भागतं.

## टप्पा ३ : लायब्ररीची जात ओळखा

ब्रँड नंतर, आधी जात. चुकीच्या जातीतली सगळ्यात महाग लायब्ररीसुद्धा तुमच्या कामाची नसते.

ऑर्केस्ट्राची, हॉलच्या गुंजेसकट. मोठ्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलेली. गुंज आवाजातच मुरलेली असते, ती नंतर काढता येत नाही. नाटकातला राजदरबार किंवा गंभीर पार्श्वसंगीत असेल तर उत्तम. ढोलकी आणि कच्च्या तालाच्या गाण्यात मात्र ठोके मागे राहतात आणि शेपूट पुढच्या मात्रेवर सांडते. स्पिटफायरचं 'बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर' या जातीचं आहे. फुकट, काही शे एमबीचं, जुन्या मशीनवरही चालतं. त्यात सॅक्स नाही, फॉल नाही.

पॉप-जॅझ सेक्शन, कोरडी. जवळून रेकॉर्ड केलेली, ठोके, फॉल, वर उसळणारे सूर यांसाठीच बनवलेली. वर लिहिलेल्या चिठ्ठीला हीच जात लागते. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं 'सेशन हॉर्न्स प्रो' यातलं. त्याच कंपनीच्या कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत, कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये, चालतं आणि तुम्ही कॉर्ड वाजवली की स्वर वाद्यांत स्वतः वाटून देतं. घाईच्या कामाला ही सोय फार उपयोगी.

एकेकटी सॅम्पल वाद्यं. 'क्रिस हाइन हॉर्न्स' या धर्तीचं. प्रत्येक वाद्य वेगळं, वाजवण्याच्या तऱ्हा भरपूर. सेक्शन तुम्हीच रचायची. मेहनत जास्त, ताबाही जास्त.

मॉडेलिंग. ऑडिओ मॉडेलिंगचं 'स्वाम' घ्या. इथे सॅम्पल नसतात, वाद्याचं गणित चालतं. डिस्कवर जागा नगण्य, रॅम कमी, प्रोसेसरवर मात्र ताण. मींड, गमक, सूर चढवत नेणं यांत ही जात बाकीच्यांना मागे टाकते. पण ती जिवंत होते फक्त सतत बदलणाऱ्या एक्स्प्रेशनवर (वाजतानाच आवाज कमी-जास्त करणाऱ्या मिडी सूचनेवर). नुसत्या बोटांनी वाजवलीत तर रबरी पिपाणी वाटेल, आणि एक्स्प्रेशन शून्यावर असेल तर आवाजच येणार नाही. 'इन्स्टॉल झालं पण वाजत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी सीसी ११ (मिडी कंट्रोलचा एक्स्प्रेशनसाठीचा नंबर) बघावा.

तयार तुकड्यांची. एक की दाबली की आख्खा तुकडा वाजतो. पहिल्या गाण्याला बरं वाटतं. दुसऱ्या गावच्या गाण्यात तोच तुकडा ऐकू आला की लाज वाटते.

खंजिरी भजनासारख्या साध्या मेळात ब्रास घालायचाच असेल तर एकच मॉडेलिंग ट्रम्पेट किंवा एक सॅक्स पुरतो. तिथे सेक्शन घालणं म्हणजे भाजीत तीनदा मीठ.

सावधान: 'कॉन्टॅक्टवर चालते' आणि 'कॉन्टॅक्ट प्लेअरवर चालते' ही वेगवेगळी वाक्यं आहेत. ज्या लायब्ररीला पूर्ण, विकत घ्यायचं कॉन्टॅक्ट लागतं ती फुकट प्लेअरमध्ये १५ मिनिटं वाजते आणि मग गप्प होते. स्वस्तात मिळालेली लायब्ररी अशी निघाली तर तिच्याहून महाग कॉन्टॅक्ट विकत घ्यावं लागतं.

## टप्पा ४ : फुकटातलं आधी बसवा

विकत घेण्याआधी निदान दोन फुकट लायब्ररींवर तुमचा पीस पूर्ण करून बघा. 'बीबीसी डिस्कव्हर' एक. दुसरी वाट: प्लोगचं 'स्फोर्झांडो' हे फुकट प्लेअर घ्या आणि त्यात 'व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रा' किंवा 'व्हीएससीओ २ कम्युनिटी एडिशन'ची एसएफझेड फाइल (कोणत्या स्वराला कोणतं सॅम्पल हे सांगणारी) ओढून टाका. ही हलकी आहेत आणि यातले ठोके बरेच कोरडे लागतात.

पीस इथेच जमला तर पैसे वाचले. नाही जमला तर नेमकं काय कमी पडलं ते चिठ्ठीत लिहा: 'फॉल नाही', 'पाठोपाठ स्वर एकसारखे', 'सॅक्स नाही'. विकत घेताना ही ओळ डेमोपेक्षा जास्त उपयोगाची.

क्रॅक केलेल्या लायब्ररीबद्दल थोडक्यात: बेकायदेशीर आहे, व्हायरस आणते आणि विंडोज अपडेट झाल्यावर जुना प्रोजेक्ट उघडेनासा होतो. गायकाने सहा महिन्यांनी 'पट्टी बदलून द्या' म्हटलं की तोंड लपवायची वेळ येते.

विकत घेताना: दर डॉलर किंवा युरोत असतात, कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. नोव्हेंबरअखेरीस बहुतेक कंपन्या मोठी सूट देतात. गाणं एप्रिलचं असेल तर पाच महिने आधी ठरवलेलं बरं. डाउनलोडचा माल सहसा परत घेत नाहीत. परतीचा नियम पैसे भरण्याआधी वाचा.

## टप्पा ५ : एकच मिडी, सात चाचण्या

वेगवेगळ्या लायब्ररींवर वेगवेगळं वाजवून तुलना होत नाही. एकच चाळीसेक सेकंदांची मिडी फाइल बनवा आणि प्रत्येक उमेदवाराला तीच द्या. आधी आवाजाची पातळी मीटरवर सारखी करा. एक-दोन डेसिबलने मोठा आवाज कानाला 'जास्त चांगला' वाटतोच, आणि डेमोंचं निम्मं यश त्यातच असतं.

१. तोच स्वर आठ वेळा. ७० नंबरचा स्वर, सारख्या जोराने, अर्ध्या मात्रेवर आठदा. डोळे मिटून ऐका. आठही ठोके एकाच साच्यातून काढलेल्या विटांसारखे लागले तर लायब्ररीत आलटून-पालटून येणारी सॅम्पल, म्हणजे राउंड रॉबिन, नाहीत. दोन असतील तर 'टक-टाक टक-टाक' असा झोका ऐकू येतो. चारच्या पुढे कान पकडू शकत नाही. तुटक ठोक्यांच्या पीसला ही चाचणी निर्णायक.

२. जोराची शिडी. तोच स्वर ३०, ५०, ७०, ९०, ११०, १२७ जोराने. ब्रास मोठा होतो तसा उजळत जातो, त्यात पितळेची धार येते. आवाज फक्त मोठा होत असेल आणि धार तीच राहत असेल तर सॅम्पलचे थर कमी आहेत. एखाद्या पायरीवर रंग एकदम उडी मारत असेल तर ती पायरी लक्षात ठेवा. पीस वाजवताना तिच्या दोन्ही बाजूंना ये-जा करू नका.

३. लांब सूर, सीसी १ आणि सीसी ११ वेगवेगळे. एक सूर चार सेकंद धरा. पहिल्यांदा सीसी १ शून्यापासून १२७ पर्यंत चढवा, दुसऱ्यांदा सीसी ११. बऱ्याच लायब्ररींत सीसी १ रंगही बदलतो आणि आवाजही, सीसी ११ फक्त आवाज. चढता सूर नुसत्या सीसी ११ ने केला तर रेडिओचं बटण फिरवल्यासारखा लागतो. कोणता नंबर काय करतो हे प्रत्येक लायब्ररीत वेगळं, म्हणून कागदावर लिहा.

४. फॉल. लायब्ररीत रेकॉर्ड केलेला फॉल आहे का? पिच बेंडने (सूर वर-खाली ओढणाऱ्या कंट्रोलने) खाली ओढलेला सूर म्हणजे फॉल नव्हे. खरा वादक घसरताना मधल्या स्वरांवरून अडखळत उतरतो आणि फुंक सोडत जातो. बेंडचा फॉल सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरसारखा लागतो. फॉल लहान आणि लांब अशा दोन मापांत मिळाले तर पीसच्या लयीला बसवणं सोपं.

५. मींड. चिठ्ठीत असेल तरच. ट्रम्पेटवर दोन सेमीटोनपर्यंत (सेमीटोन म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) बेंड खपून जातो, पुढे आवाजाचा पोतच बदलतो. ट्रॉम्बोनची खरी मींड एका सरकीत जास्तीत जास्त सहा सेमीटोन: सा ते तीव्र म होते, सा ते प होत नाही. तशी लिहिलीत तर जाणत्याच्या कानाला खटकेल.

६. टोकं. वाद्याच्या आवाक्याचे पहिले आणि शेवटचे चार-पाच स्वर. काही फुकट लायब्ररींत एकच सॅम्पल चार-चार पट्ट्यांवर ताणलेलं असतं. टोकाला ते लगेच उघडं पडतं.

७. सूर. प्रत्येक स्वर ट्यूनरवर. सॅम्पल खऱ्या माणसांनी वाजवलेले असतात, एखादा स्वर १०-१५ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) हललेला निघतो. तंबोऱ्यावर प आणि ग धरून ऐका. प हलला तर लायब्ररी बाजूला ठेवा.

तपासा: चाचणी फाइल बदलून लावताना की-स्विचचे (वाजवण्याची तऱ्हा बदलणाऱ्या कींचे) स्वर तपासा. खालच्या टोकाच्या ज्या की एका लायब्ररीत 'स्टॅकाटो' (तुटक स्वर) लावतात त्या दुसऱ्यात 'फॉल' लावतात किंवा चक्क वाजतात. अर्ध्याअधिक 'ही लायब्ररी बिघडली आहे' तक्रारींचं मूळ इथे असतं.

## टप्पा ६ : कीबोर्ड नीट जोडा

घरगुती कीबोर्डला यूएसबी असेल तर तो मिडी कंट्रोलर म्हणून चालतो. जोडण्याआधी:

१. ऑटो रिदम आणि अकंपनीमेंट बंद. चालू राहिलं तर तबल्याचे स्वरही ट्रम्पेटच्या ट्रॅकवर उतरू शकतात.
२. 'लोकल' बंद करा, नाही तर कीबोर्डचा स्वतःचा आवाजही सोबत येत राहील.
३. टच रिस्पॉन्स चालू. तो बंद असला की प्रत्येक स्वर एकाच जोराने जातो आणि चांगली लायब्ररीही सपाट वाजते.
४. मॉड व्हील (सीसी १ पाठवणारं चाक) नसेल तर एक्स्प्रेशन पेडल, कोर्गच्या नॅनोकंट्रोलसारखा लहान स्लायडर बॉक्स, नाही तर मोबाईलवरचं मिडी ॲप. काहीच नसेल तर सीसीची रेषा माउसने काढा. वेळ लागतो, पण निकाल चांगला येतो.

सस्टेन पेडल ब्रासवर वापरू नका. पियानो वाजवणाऱ्यांचा पाय सवयीने जातो आणि स्वर एकमेकांत चिकटतात.

## टप्पा ७ : सेक्शन रचा, ढीग नको

इथे सगळ्यात जास्त जण फसतात. तीन ट्रम्पेटचा सेक्शन पॅच (लायब्ररीतला तयार आवाज) लावून चार स्वरांची कॉर्ड दाबली की बारा ट्रम्पेट वाजतात. आवाज जाड होतो, ठोका बोथट होतो. सेक्शन पॅच एकसुरी ओळीसाठी असतो. कॉर्डसाठी एकेकटी वाद्यं घ्या, प्रत्येकाला एक ट्रॅक, एक स्वर. लेगाटो पॅच बहुधा एका वेळी एकच स्वर वाजवतो. त्यावर कॉर्ड दाबून 'स्वर गायब होतात' म्हणू नका.

दोन ट्रम्पेट एकच स्वर वाजवणार असतील आणि दोन्हीकडे तोच पॅच असेल तर तेच सॅम्पल दोनदा वाजू शकतं. त्याने जाडी येत नाही, फक्त आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि दोन्ही किंचित मागेपुढे पडले तर पोकळ लागतो. उपाय: दुसऱ्या ट्रम्पेटचे मिडी स्वर दोन सेमीटोन वर सरकवा आणि वाद्याचं ट्यूनिंग दोन सेमीटोन खाली आणा. सूर तोच, सॅम्पल शेजारचं. मग त्याला ८-१० मिलिसेकंद मागे सरकवा आणि ४-५ सेंट हलवा.

क्वांटाइझ (स्वर आपोआप तालावर बसवणं) शंभर टक्के करू नका, पण ठोक्यांची सुरुवात सैलही सोडू नका. शेवट मात्र चारही वाद्यांचा एकत्र तुटला पाहिजे. चांगल्या सेक्शनची ओळख स्वर सोडण्यात होते, आणि मिडीत स्वरांची लांबी तपासायला कुणी जात नाही.

तपासा: लेगाटो स्वर उशिरा पोचतात. काही लायब्ररींत हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो आणि ११० बीपीएमला पाव मात्रा १३६ मिलिसेकंदांची असते. म्हणजे ओळ जवळपास पाव मात्रा मागे. ट्रॅकला तेवढा उणा डिले द्या, म्हणजे तो तेवढा आधी वाजेल. ठोक्यांच्या पॅचला तो देऊ नका, म्हणून ठोके आणि लेगाटो वेगळ्या ट्रॅकवर ठेवा.

## टप्पा ८ : बँडपार्टीतला खरा वादक जोडायचा तर

व्हर्च्युअल सेक्शनवर एक खरा ट्रम्पेट घातला की सगळा सेक्शन खरा वाटू लागतो. जवळच्या बँडपार्टीतला वादक लग्नसराईच्या बाहेर सहज मिळतो. पण पट्टी सांगताना गोंधळ होतो. नेहमीच्या ट्रम्पेटचा 'सी' वाजवला की आपल्या कानाला काळी ५ येते, अल्टो सॅक्सचा 'सी' वाजवला की काळी २.

- ट्रम्पेटला दोन सेमीटोन वर लिहून द्या
- अल्टोला नऊ वर
- टेनरला चौदा वर
- ट्रॉम्बोनला आहे तसंच

आपलं गाणं काळी २ मध्ये आहे, म्हणजे ट्रम्पेटवाल्याला 'एफ'मधून आणि अल्टोवाल्याला चक्क 'सी'मधून वाजवायचं आहे.

मग सूर. हवा तापली की फुंकवाद्याचा सूर चढतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हे लगेच कळतं. पेटीही नेहमी ४४० वरच (पांढरी ६ चं हर्ट्झमधलं माप) असते असं नाही. पेटी ४४४ वर असेल तर फरक सुमारे १६ सेंटचा. पेटी बदलत नाही, वादकाची ट्यूनिंगची नळी एका मर्यादेपर्यंतच सरकते, व्हर्च्युअल वाद्य मात्र एका बटणाने बदलतं. म्हणून सगळ्या व्हर्च्युअल ट्रॅकचं ट्यूनिंग पेटीला लावा, तेही वादक येण्याआधी. रेकॉर्डिंग झाल्यावर सेंट हलवत बसणं म्हणजे पेरणी झाल्यावर तास सरळ करणं.

## टप्पा ९ : मिक्स, आणि भोंग्यावरची परीक्षा

प्रत्येक वाद्य फ्रीझ करा (त्याचा ट्रॅक तात्पुरता ऑडिओत बदला), रॅम मोकळी होते. कॉन्टॅक्टमध्ये न वापरलेली सॅम्पल 'पर्ज' करता येतात, त्यानेही बरीच जागा सुटते. ट्रम्पेटला १५० हर्ट्झच्या खाली काही नसतं, तिथे कट द्या. कोरड्या लायब्ररीला आणि मॉडेलिंगला एकाच सामायिक खोलीची रिव्हर्ब (कृत्रिम गुंज) द्या. हॉलच्या गुंजेसकट आलेल्या लायब्ररीला जवळजवळ देऊच नका. दोन्ही एकत्र वापरले असतील तर कोरडीला गुंजवालीच्या जवळ न्या, उलटं करता येत नाही.

ही गाणी हेडफोनवर कमी आणि भोंग्यावर जास्त वाजतात. भोंगा मोनो असतो आणि खालचे स्वर जवळजवळ टाकूनच देतो. मिक्स मोनो करा, ३०० हर्ट्झच्या खालचं तात्पुरतं कापा आणि ऐका. ट्रॉम्बोन गायब झाला तर त्याची ओळ टेनर सॅक्सलाही द्या. ट्रम्पेट कान फाडत असेल तर २.५ ते ४ किलोहर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल खाली या. गायकाचे शब्दही तिथेच असतात, ब्रास बाजूला झाला की ते आपोआप वर येतात.

सगळं झालं की प्रत्येक वाद्याचा वेगळा वॅव (ऑडिओ फाइल) काढा. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १६ एमबी. पाच मिनिटांच्या गाण्याचे आठ ट्रॅक सुमारे ६४० एमबी, पेनड्राइव्हवर आरामात मावतात. सोबत मिडी फाइलही ठेवा आणि कुठली लायब्ररी, कुठला पॅच, ट्यूनिंग किती, सीसी कुठला, हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. गायक काळी २ वरून काळी १ वर आला तर वॅव कामाचे राहत नाहीत, मिडी आणि ही फाइल असेल तर अर्ध्या तासात नवा ट्रॅक तयार होतो.